इनुइट गोष्टींचं हाताने केलेलं सचित्र पुस्तक: या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक बहुतेक वेळा मुखपृष्ठावरच असते: ‘एक इनुइट लोककथा’. कुठल्या गावची, कोणी सांगितलेली, कोणी उतरवून घेतलेली, याचा पत्ता नाही. ग्रीनलँडपासून कॅनडामार्गे अलास्कापर्यंत पसरलेल्या लोकांची गोष्ट एकच कशी असेल? समुद्रातल्या प्राण्यांवर जिची सत्ता चालते ती स्त्री कॅनडातल्या बॅफिन बेटाच्या दक्षिण भागात सेदना, मध्य आर्क्टिकमधल्या नेत्सिलिक इनुइट लोकांत नुलियाजुक, तर ग्रीनलँडमध्ये ससुमा आर्ना. नावाबरोबर कथाही बदलते. कुठे ती येईल त्या स्थळाला नकार देणारी मुलगी आहे, तर कुठे सगळ्यांनी टाकून दिलेली अनाथ पोर. दोन-चार कथनांतले रंगतदार तुकडे जोडून ‘संपूर्ण कथा’ केली, तर ती कोणत्याच आजीने कधी सांगितलेली नसते.

म्हणून एका पुस्तकात एकाच व्यक्तीचं कथन घ्या. पहिल्या पानावर तिचं नाव, गाव आणि साल मोठ्या अक्षरांत लिहा. ती व्यक्ती हयात असेल तर आधी परवानगी घ्या आणि डमी, म्हणजे नमुना प्रत, तयार झाल्यावर ती पुन्हा दाखवा. दुसरं कथन आवडलं असेल तर त्याचं दुसरं पुस्तक करा.

याच चुकीची धाकटी बहीण म्हणजे सगळ्याला ‘दंतकथा’ म्हणणं. इनुइट लोक पुराणकाळापासून चालत आलेल्या कथा आणि जगलेल्या, पाहिलेल्या घटनांचं कथन यांत स्पष्ट फरक करतात. १८४५ साली आर्क्टिकमध्ये निघालेल्या आणि हरवलेल्या फ्रँकलिनच्या ब्रिटिश मोहिमेची जहाजं कुठे गेली, हे इनुइट कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या सांगत होती. कॅनडाच्या उत्तरेतल्या योआ हेवन गावच्या लुई कामूकाक यांनी वडीलधाऱ्यांकडून अशी कथनं आयुष्यभर गोळा केली. २०१४ मध्ये त्यातलं ‘एरेबस’ हे जहाज सापडलं ते या कथनांनी दाखवलेल्या भागातच. अशा आठवणीला परीकथेचा साज चढवणं हा सांगणाऱ्यावर अन्याय आहे.

चित्रांतल्या चुका

प्रत्येक पानावर इग्लू, मागे देवदार, पुढे पेंग्विन! पेंग्विन आर्क्टिकमध्ये नसतातच, आणि बहुतेक इनुइट प्रदेश वृक्षरेषेच्या, म्हणजे झाडं जिथे संपतात त्या सीमेच्या, उत्तरेला आहे. बर्फाचं घर ही मुख्यतः मध्य आर्क्टिकमधली हिवाळ्यातली सोय. ग्रीनलँडमध्ये हिवाळी घरं दगड-मातीची असत आणि उन्हाळ्यात कातड्याचे तंबू. कॅनडातल्या इग्लूलिक गावात भर हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, मग त्या काळातल्या गोष्टीत पिवळाधमक सूर्य कुठून येणार? आधी गाव ठरवा, मग मोसम, मग कपडे. अमाउती, म्हणजे आईने पाठीवर मूल बसवायचा टोपीवाला अंगरखा, घेतली तरी तिची टोपी आणि काठ प्रदेशागणिक वेगळे.

कल्लुपिल्लुक हा समुद्राच्या बर्फाखाली राहून मुलांना ओढून नेणारा जीव. चित्रकार हमखास त्याला गोंडस करतात. तसं करू नका. ही गोष्ट मुलांना बर्फाच्या भेगांपासून लांब ठेवण्यासाठी सांगितली जाते. भीती गेली की गोष्टीचं कामच गेलं.

नमुना हवा असेल तर ग्रीनलँडच्या कांगेकचा आरोन पाहा (१८२२–१८६९). सील मारून जगणारा हा शिकारी क्षयाने अंथरुणाला खिळला आणि त्याने आपल्या लोकांच्या कथा लाकडात कोरल्या, जलरंगांत रंगवल्या. डॅनिश अधिकारी हिन्रिक रिंकने १८५९ ते १८६३ या काळात आजच्या नूकमध्ये छापलेल्या कथांच्या खंडांत त्याचे लाकडी ठसे आहेत. कयाक कसा कलतो, भाला कसा धरतात, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. आपल्याला ते ठाऊक नाही, म्हणून विचारावं लागतं.

अक्षरं उलटली तर

ठशातून छापताना होणारी ही चूक सर्वांत घातक, कारण ती दिसतच नाही. कॅनडातल्या इनुइटांच्या इनुक्टिटूट भाषेच्या अक्षरलिपीत अक्षराचं तोंड फिरलं की स्वर बदलतो. एकाच कोनाचं टोक वर असेल तर ‘पि’, उजवीकडे असेल तर ‘पु’, डावीकडे असेल तर ‘प’. लिनोवर (ठसा कोरायच्या मऊ लिनोलियमवर) सरळ कोरलेलं छापताना उलटतं आणि ‘पु’चा ‘प’ होतो. देवनागरीतला उलटा ‘क’ लगेच डोळ्यात खुपतो. इथे मात्र चुकीचं अक्षरही अस्सल दिसतं. शिवाय दीर्घ स्वराचा टिंब आणि शब्दाअखेरचं बारीक व्यंजन कोरताना सहज उडतं.

माझं ऐका आणि ठशात फक्त चित्र ठेवा. मजकूर हाताने लिहा किंवा वेगळा छापा. कोरायचाच असेल तर ट्रेसिंग कागद पालथा घालून उतरवा आणि पहिला ठसा भाषा येणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या.

संगणकावर जुना मजकूर वापरताना जपा. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टची फाइल दुसरीकडे उघडली की काय दिसतं, हे आपल्याला माहीत आहे. इनुक्टिटूटची अक्षरं युनिकोडमध्ये १९९९ साली आली. त्याआधीच्या फॉन्टमधला मजकूर तसाच विस्कटतो. आणि लिपी सगळीकडे ही नाहीच. ग्रीनलँड, अलास्का आणि पश्चिम आर्क्टिक कॅनडात रोमन लिपी चालते. २०२२ मध्ये अलास्कातल्या वादळानंतर सरकारी मदतीच्या कागदांत कॅनडातली इनुक्टिटूट छापून गेली होती. तिथे ती वाचणार कोण?

बांधणी

पुठ्ठा वाकला तर दोन कारणं तपासा: ग्रेन (पुठ्ठ्यातल्या तंतूंची दिशा) पुस्तकाच्या कण्याला समांतर नाही, किंवा कागद एकाच बाजूने चिकटवलाय. उत्तरेकडच्या तापवलेल्या घरांत हवा फार कोरडी असते, त्यामुळे हा दोष तिथे लवकर उघडा पडतो. खळ पातळ लावा, आतूनही कागद लावा, वजनाखाली रात्रभर ठेवा. पानं नुसती चिकटवू नका, फॉर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) दोऱ्याने शिवा. मुलांसमोर धरून वाचायचं पुस्तक सपाट उघडलं पाहिजे.

शेवटची गोष्ट प्रतींची. आरोनची जलरंगचित्रं डेन्मार्कहून ग्रीनलँडला परत यायला १९८२ उजाडलं. तुमच्या पुस्तकाच्या पाच प्रती होणार असतील, तर पहिली सांगणाऱ्याच्या घरी आणि दुसरी त्या गावच्या शाळेत पाठवा. प्रदर्शनाचं नंतर बघता येईल.