न्यू जर्सीत अपघाती इजा : दाव्याआधीची तयारी

अमेरिकेत इजेच्या भरपाईचा कायदा राज्यागणिक बदलतो. त्यामुळे न्यूयॉर्कमधल्या नातेवाइकाचा अनुभव एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्या कुटुंबाला जसाच्या तसा उपयोगी पडत नाही.

बिले गोळा करण्याच्याही आधी, दावा नेमका कोणाविरुद्ध आहे हे निश्चित करावे, कारण मुदत त्यावरच ठरते. खासगी व्यक्ती किंवा कंपनीविरुद्ध खटला दाखल करण्यास साधारणतः 2 वर्षे मिळतात. परंतु नगरपालिका, सरकारी शाळा किंवा एनजे ट्रान्झिट (राज्याची सार्वजनिक बस-रेल्वे सेवा) यांच्याविरुद्ध दावा असेल तर 90 दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि त्यानंतर 6 महिने उलटल्याशिवाय खटला भरता येत नाही. बसमध्ये पडून मनगट मोडलेला माणूस प्लास्टर निघून फिजिओथेरपी संपेपर्यंत थांबला, तर हे 90 दिवस हातचे जातात. उशिरा नोटीस देण्यासाठी वर्षभराच्या आत न्यायालयाची परवानगी मागता येते खरी, पण असाधारण कारण दाखवावे लागते आणि कायदा माहीत नव्हता हे तसे कारण ठरत नाही. म्हणून तारीख मोजण्याचे काम रुग्णावर न सोडता घरातल्या दुसऱ्या कोणीतरी पहिल्याच आठवड्यात अंगावर घ्यावे.

अपघात मोटारीचा असल्यास पोलीस अहवालाच्या प्रतीबरोबर स्वतःच्या विमा पॉलिसीचे डिक्लरेशन पेज, म्हणजे पॉलिसीत काय घेतले आहे याचा गोषवारा देणारे पान, काढून वाचावे. चूक कोणाचीही असो, उपचारांचा खर्च सहसा आधी स्वतःच्या पॉलिसीतील पीआयपीमधून (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन, म्हणजे वैद्यकीय खर्चाचे संरक्षण) होतो. दावा करण्याच्या हक्कावर मर्यादा स्वीकारली आहे की नाही, याची नोंद त्याच पानावर असते. हप्ता कमी होतो म्हणून पुष्कळजण ती स्वीकारतात. अशा वेळी वेदनांबद्दलची भरपाई मृत्यू, अवयव गमावणे, ठळक विद्रूपता, मोडून जागचे हललेले हाड, गर्भहानी किंवा कायमची इजा यांपैकी काही असेल तरच मागता येते. कायमची इजा रुग्णाच्या सांगण्यावर नव्हे, तर वैद्यकीय तपासणीच्या वस्तुनिष्ठ पुराव्यावर सिद्ध होते. म्हणून एमआरआय, एक्स-रे आणि डॉक्टरांच्या नोंदी तारीखवार जपाव्यात.

घसरून पडल्यास जागेचे फोटो त्याच दिवशी काढावेत आणि सीसीटीव्हीचे चित्रीकरण जपून ठेवण्याची लेखी विनंती लगेच करावी. दुकानासमोरच्या पदपथाची जबाबदारी मालकावर येते. राहत्या घराच्या मालकावर ती सहसा येत नाही. बर्फावर पडला असाल तर बर्फ पडणे कधी थांबले ती वेळ लिहून ठेवावी, कारण 2021 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की हिमवृष्टी चालू असताना व्यावसायिक मालकाला सर्वसाधारणपणे बर्फ काढण्याचे बंधन नाही. आपल्या लोकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: देवळासारख्या धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या कार्यक्रमाला आलेल्या व्यक्तीला, त्या संस्थेच्या साध्या निष्काळजीपणाबद्दल तिच्यावर दावा करता येत नाही, असे संरक्षण या राज्यात आहे.

स्वतःच्या चुकीचाही प्रामाणिक हिशेब मांडावा. तुमचा दोष 50 टक्क्यांपर्यंत असेल तर भरपाई तेवढ्या प्रमाणात घटते. तो समोरच्याच्या दोषाहून अधिक ठरला तर काहीच मिळत नाही. याच कारणासाठी समोरच्या विमा कंपनीच्या ॲडजस्टरला (दाव्याची चौकशी करणाऱ्या प्रतिनिधीला) वकिलाशी बोलण्याआधी ध्वनिमुद्रित निवेदन देऊ नये. ‘मी जरा घाईतच होतो’ हे सौजन्याने उच्चारलेले वाक्यही टक्केवारी ठरवताना पुढे येते.

वकिलाकडे जाताना हे कागद, बुडालेल्या पगाराचे मालकाचे पत्र आणि रोजच्या अडचणींची वही न्यावी. वकिलाची फी बहुधा मिळालेल्या रकमेतून जाते. पहिल्या साडेसात लाख डॉलरपर्यंत ती एक तृतीयांशाहून अधिक घेता येत नाही. इतर खर्च कोण सोसणार, विशेषतः दावा हरल्यास, हे करारात लिहिलेले पाहूनच सही करावी.