नवरा बोटीवर जायच्या आधी घरात काय काय करून ठेवायचं

मागच्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात नवरा मालवाहू बोटीवर नोकरीला जॉईन झाला. मुलगी पाच वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. महिनाभर आम्ही तयारी केली ती फक्त त्याच्या बॅगेची: सीडीसी (खलाशाचं नोकरीचं पुस्तक), पासपोर्ट, मेडिकल, मेतकूट, लसणीची चटणी. घराकडे बघितलंच नाही, आणि त्यापायी मुलांचे हाल झाले. यंदा परत जॉईनिंग आलंय. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत आणि बाप बोटीवर निघालाय, त्यांनी हे वाचाच.

पहिलं काम मोबाइल नंबरचं. गॅस, शाळा, वीजबिल, फास्टॅग, सोसायटीचं गेट, मुलांचं आधार, जिथे जिथे त्याचा नंबर दिलेला आहे तिथे तुमचा लावा. तो घरात असताना लावा. मी हे केलं नव्हतं. बोटीवर वायफाय असतं, व्हॉट्सॲपवर बोलणं होतं, म्हणून मला वाटलं की अडलं तर विचारता येईल. पण ओटीपी येतो एसएमएसने, आणि किनारा सुटला की त्याच्या भारतातल्या सिमला रेंजच नसते. त्याची बोट ब्राझीलहून लोहखनिज भरून केप ऑफ गुड होपला वळसा घालून चीनला निघाली होती. महिन्याहून जास्त नुसतं पाणी.

जुलैत, कुकरची एक शिट्टी झाली आणि गॅस संपला. आमच्याकडे एकच सिलिंडर. बुकिंग त्याने बोटीवरून ॲपवर करून दिलं. तिसऱ्या दिवशी सिलिंडरवाला भर पावसात चौथ्या मजल्यावर चढून आला, खांद्यावरचा सिलिंडर दारात उतरवला आणि म्हणाला, "ताई, कोड सांगा." कोड गेला होता नवऱ्याच्या नंबरवर. कोडशिवाय देता येत नाही म्हणून तो बिचारा तसाच उचलून परत घेऊन गेला. कडेवरचा धाकटा दूध मागत होता. पुढचे पाच दिवस इंडक्शनवर काढले, तेही लाइट असेल तेव्हा.

त्याच महिन्यात अतिवृष्टीची सुट्टी जाहीर झाली. शाळेचा मेसेज पहाटे गेला, तोही त्याच्याच नंबरवर. मी दोन्ही मुलांना घेऊन बंद फाटकासमोर भिजत उभी.

म्हणून परत सांगते, नंबर बदला. गॅसचं कनेक्शन त्याच्या नावावर असेल तर एजन्सीत त्यालाच बरोबर न्या. "झालंय" असं काउंटरवर सांगतील, तेवढ्यावर घरी येऊ नका. एक सिलिंडर बुक करा आणि कोड तुमच्या फोनवर येतो का ते डोळ्यांनी बघा. शाळेत दोघांचे नंबर लावून घ्या. त्याच्या सिमचा रिचार्जही चालू ठेवा, कारण ९० दिवस वापर नसेल तर सिम बंद होऊ शकतं आणि बँकेचं सगळं त्याच नंबरवर असतं.

पैशांचं. पगार एनआरई खात्यात (परदेशी कमाईसाठीचं अनिवासी भारतीयांचं खातं) येत असेल तर तिथे जोडीला आपलं नाव असलं म्हणून पैसे काढता येतात असं नाही. ते खातं सहसा 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असतं, म्हणजे तो असेपर्यंत व्यवहार त्याचा. तुम्हाला चालवायचं तर त्याच्या सहीचं मँडेट किंवा कुलमुखत्यारपत्र बँकेत हवं. नाहीतर दर महिन्याला तुमच्या साध्या खात्यात ठरावीक रक्कम येईल अशी सूचना लावून घ्या. मुलांचा पासपोर्ट काढायचा असेल तर दोघांची संमती लागते, त्याची सही आधीच घ्या.

औषधं. तापाचं पॅरासिटामॉल सिरप १२० आणि २५० अशा दोन ताकदींत मिळतं आणि बाटल्या सारख्याच दिसतात. रात्री दोन वाजता, पोर कण्हत असताना, त्या बारीक अक्षरांवर विसंबू नका. दोन्ही मुलांची वजनं घेऊन डॉक्टरांकडे जा, कुठली बाटली, किती मिली, किती तासांनी ते लिहून घ्या आणि बाटलीवर मुलाच्या नावाची पट्टी चिकटवा. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायची. पेल्यात थोडी थोडी टाकली तर मीठ जास्त होतं, आणि ते बाळाला बाधतं. १०८, ११२ आणि गॅसगळतीचा १९०६ फ्रिजवर मोठ्या अक्षरांत.

आणि रात्रीचा माणूस ठरवा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. धाकट्याला श्वास लागला तेव्हा मुलीला कुठे ठेवायचं हेच मला सुचेना. शेवटी तिलाही उचललं. ती एका पायात चप्पल, अंगात झोपायचा फ्रॉक अशी रिक्षात बसली आणि दवाखान्याच्या बाकावर पहाटेपर्यंत जागी राहिली. सासूबाई गुहागरला, त्यांना यायला सहा-सात तास. आता शेजारच्या काकूंशी बोलून ठेवलंय. त्यांच्याकडे आमची किल्ली आहे, मुलगी दोनदा त्यांच्याकडे झोपून आली आहे. नुसतं "लागलं तर सांगा हं" यावर राहू नका. कितीही वाजता बेल मारली तर चालेल ना, असं स्पष्ट विचारा.

लसीकरणाचं कार्ड बघा. १६ ते २४ महिन्यांत गोवरचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो, पाच-सहा वर्षांत डीपीटीचा आणखी एक. टोचल्यावर ताप येतो. नवरा घरी असतानाच ती रात्र काढा. मुलाला पाच पूर्ण झाली असतील तर आधारचे बोटांचे ठसेही आत्ताच देऊन या.

मुलं झोपलेली असताना त्याला जाऊ देऊ नका. आमचा पहाटे गुपचूप निघाला. मुलगी उठली, बाथरूमचं दार वाजवून "बाबा, आवर ना" म्हणत राहिली. पुढे कित्येक दिवस ती मला डोळ्यांआड होऊ देत नव्हती. जाताना जागं करा, रडू दे, निरोप होऊ दे. आणि त्याच्या आवाजात वीस-पंचवीस गोष्टी रेकॉर्ड करून ठेवा. रेंज नसलेल्या रात्री त्याच उपयोगी पडतात.

बाकी थोडक्यात. गाडी आठवड्यातून एकदा चालवा, नाहीतर बॅटरी जाते. इन्व्हर्टरचं पाणी बघा. मेडिक्लेमची कार्डं तुमच्या फोनमध्येही हवीत. कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या आधीच विचारून घ्या.

साइन ऑफची, म्हणजे बोट सोडून घरी यायची तारीख मुलांना सांगू नका. रिलीव्हर, म्हणजे त्याच्या जागी येणारा माणूस, बोटीवर पोचेपर्यंत काही खरं नसतं. मुलीने कॅलेंडरवर केलेला गोल अठरा दिवस चुकला, आणि अठराही सकाळी तिने मला विचारलं. तो घरी आल्यावर धाकटा दोन दिवस माझ्या मागे लपत होता. त्याला ओढून बापाच्या कडेवर देऊ नका, येईल आपणहून.

गॅसचा नंबर बदललात का? एजन्सी संध्याकाळी लवकर बंद होते, आजच जा. त्याला घेऊन.