मेमसीएचआर वापरताय? या चुका टाळा

मेमरीच्या तुकड्यात ठरावीक बाइट शोधायचा असेल तर सी भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीत मेमसीएचआर हे फंक्शन तयारच आहे. त्याला तीन गोष्टी द्यायच्या: सुरुवातीचा पत्ता, शोधायचा बाइट आणि किती बाइट तपासायचे तो आकडा. सापडला तर त्या बाइटचा पत्ता मिळतो, नाहीतर नल, म्हणजे ‘कुठलाच पत्ता नाही’. फंक्शन एवढं साधं, तरी त्याच्या आजूबाजूचे बग डोकं खातात, आणि बहुतेक वेळा खोट तिसऱ्या आकड्यात निघते.

तिसरा आकडा

तुमच्या स्वतःच्या फंक्शनला बफर (डेटा ठेवलेला मेमरीचा तुकडा) ॲरे म्हणून पाठवलात आणि आत त्यावर माप सांगणारं साइझऑफ लावलंत, तर ६४-बिट मशीनवर उत्तर ८ येतं. ते पॉइंटरचं, म्हणजे पत्ता साठवणाऱ्या व्हेरिएबलचं माप आहे, बफरचं नव्हे. मग नवव्या बाइटपासून पुढे काहीच सापडत नाही. लांबी वेगळं आर्ग्युमेंट म्हणून पाठवा.

याहून घातक प्रकार म्हणजे फाइलमधून डेटा वाचणाऱ्या रीड फंक्शनने दिलेला आकडा न तपासता तसाच पुढे ढकलणं. रीड फसलं तर ते उणे १ देतं. मेमसीएचआरला लांबी अनसाइन्ड (उणे होऊ न शकणारी) लागते, त्यामुळे ६४-बिटवर त्या उणे १चे होतात १८४४६७४४०७३७०९५५१६१५. शोध बफर ओलांडून जातो आणि कुठेतरी सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे मनाई असलेली मेमरी वाचल्याने प्रोग्रॅम पडतो. आधी शून्यापेक्षा कमी आहे का ते बघा, मगच शोधा.

एकाच बफरमधल्या सगळ्या नवीन ओळी शोधताना लूप दोन तऱ्हांनी बिघडतो. सापडलेल्या पत्त्यापासूनच पुन्हा शोध सुरू केला तर तोच बाइट परत परत मिळतो आणि लूप संपत नाही. पत्ता एकने पुढे सरकवला, पण लांबी मूळचीच ठेवली, तर वाचन बफरबाहेर जातं. उपाय एकच: बफर अधिक लांबी हा शेवटचा पत्ता सुरुवातीलाच साठवा आणि दरवेळी ‘शेवट वजा सध्याची जागा’ ही लांबी द्या. अगदी शेवटचा बाइट जुळला तर उरलेली लांबी शून्य होते, आणि शून्य लांबीला मेमसीएचआर नल देतं, म्हणजे लूप आपसूक थांबतो.

बायनरी डेटावर स्ट्रसीएचआर

पीएनजी फाइलचे पहिले ८ बाइट म्हणजे तिची ओळखखूण. पुढच्या चार बाइटांत पहिल्या तुकड्याची लांबी असते: ०, ०, ०, १३. तेराव्या जागी तुकड्याच्या नावाचं पहिलं अक्षर, कॅपिटल ‘आय’, म्हणजे ७३. हा बाइट स्ट्रिंगमध्ये अक्षर शोधणाऱ्या स्ट्रसीएचआरने शोधलात तर नवव्या जागचं शून्य दिसताच ते स्ट्रिंग संपली असं धरून नल देतं. मेमसीएचआरला शून्याचं सोयरसुतक नाही.

साइन्ड कॅरेक्टरचा घोळ

त्याच पीएनजीचा पहिला बाइट १३७ आहे. हाताने लूप लिहून साध्या कॅर प्रकारातल्या बाइटची १३७शी तुलना केली, तर इंटेल-एएमडी मशीनवर जीसीसी या कंपायलरमध्ये ती कधीच जुळत नाही, कारण तिथे कॅर साइन्ड (उणे किंमतही घेणारा) असतो आणि बाइटची किंमत उणे ११९ होते. एआरएम लिनक्सवर कॅर अनसाइन्ड, म्हणून तोच कोड तिथे चालतो! मेमसीएचआर दोन्हीकडे अनसाइन्ड कॅर धरूनच तुलना करतं, त्यामुळे उणे ११९ दिलं तरी १३७ सापडतं. पण हीच गोष्ट उलटतेही: चुकून ३१० दिलंत तर ते ५४ शोधतं.

‘म’ शोधायचा आहे?

यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ‘म’ तीन बाइटांचा: २२४, १६४, १७४. एकेरी अवतरणात ‘म’ लिहून मेमसीएचआरला दिला, तर जीसीसी मल्टीकॅर (एकाहून जास्त बाइट असल्याची) वॉर्निंग देतं, आणि ती न वाचता पुढे गेलात तर फक्त शेवटचा बाइट, १७४, शोधला जातो. देवनागरी आठ (८) म्हणजे २२४, १६५, १७४. त्यामुळे ‘८ मार्च’ या मजकुरात शोध आठाच्या पोटात थांबतो. एका बाइटपेक्षा जास्त शोधायचं असेल तर लिनक्सवर बाइटांची मालिका शोधणारं मेममेम आहे, पण ते सी स्टँडर्डमध्ये नाही. ते वापरायला जीएनयू सोर्सचा मॅक्रो (कंपायलरला दिलेली एका ओळीची व्याख्या) पहिल्या इन्क्लूडच्या आधी लिहावा लागतो. तो विसरलात तर जुन्या कंपायलरवर फंक्शन इंट देतं असं धरलं जातं, ६४-बिट पत्त्याचा वरचा अर्धा भाग गळतो आणि क्रॅश होतो. जीसीसी १४पासून इथे थेट एरर येते, हे बरंच झालं.

मिळालेला पत्ता वापरताना

परत येतो तो पॉइंटर, क्रमांक नव्हे. जागा हवी असेल तर आधी नल तपासा, मग अनसाइन्ड कॅर पॉइंटरमध्ये बदलून सुरुवात वजा करा. व्हॉइड पॉइंटरची वजाबाकी जीसीसी चालवून घेतं, पण स्टँडर्डमध्ये ती बसत नाही.

लांबी शून्य असली तरी नल पॉइंटर देऊ नका. जीलिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीच्या हेडरमध्ये हा पॉइंटर नल नसतो असं कंपायलरला सांगितलेलं आहे. त्यामुळे ऑप्टिमायझेशन चालू असताना त्यानंतर लिहिलेली तुमची नल-तपासणी कंपायलर काढून टाकू शकतो. डीबग बिल्ड नीट चालतं आणि रिलीज बिल्ड पडतं, असं दिसलं तर ही तपासणी कॉलच्या आधी आणून बघा, आणि ॲड्रेस सॅनिटायझर हे मेमरीच्या चुका पकडणारं साधन लावून एकदा चालवा. बफरबाहेरचं वाचन ते ओळ क्रमांकासकट दाखवतं, फक्त बिल्ड करताना डीबग माहिती ठेवलेली हवी.