गाजर, मुळा, बीटला खत घालताना या चुका टाळा

पाला हिरवागार दिसला की पीक झकास, हा समज कंदमुळांच्या शेतात फार महागात पडतो. बाजारात पाला नाही, जमिनीखालचा माल विकला जातो, हे खत टाकताना नेमकं विसरलं जातं.

मागच्या रब्बीत गावातल्या एका पोराने गाजराचा प्लॉट बघायला बोलावलं. पाला गुडघ्याला लागत होता. उपटून पाहिलं तर गाजर करंगळीएवढं आणि अंगभर तंतुमुळं. पेरताना डीएपी (नत्र म्हणजे नायट्रोजन आणि स्फुरद म्हणजे फॉस्फरस देणारं खत), पंधरवड्याने युरिया (नुसतं नत्र), पाला फिका वाटला म्हणून पुन्हा युरिया, वर दुकानदार म्हणाला म्हणून तिसऱ्यांदा युरिया. पोटॅशचा, म्हणजे पालाशचा, दाणाही नाही! नत्र असं वाढलं की झाड पानंच काढत राहतं, मुळात साठवायला साखर उरत नाही. व्यापाऱ्याने दोन गाजरं हातात घेतली, खाली टाकली आणि निघून गेला. पोराची मेहनत बघून वाईट वाटलं, पण घाईला औषध नाही.

हिशेबही कच्चा होता. डीएपीच्या 50 किलोच्या पोत्यात 9 किलो नत्र असतं, ते कुणी मोजतच नाही. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 21 किलो. दोन्हींची बेरीज करून मगच गोणी फोडा.

मी पूर्ण स्फुरद, पूर्ण पालाश आणि अर्धं नत्र पेरणीलाच देतो. उरलेलं नत्र गाजर-बीटला महिन्याभराने, विरळणी आणि खुरपणी उरकल्यावर, आणि लगेच हलकं पाणी. मुळा लवकर निघतो, त्याला दोन-तीन आठवड्यांतच. त्यानंतर कुणी काहीही सांगो, युरिया नाही. उशिरा दिलेल्या नत्राने माल तडकतो.

सुपर फॉस्फेट (स्फुरदाचं खत) नंतर वरून फोकू नका. स्फुरद पडतं तिथेच बसतं, मुळापर्यंत उतरत नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते: एकाच सरीत खत आणि बी एकत्र टाकणं. वेळ वाचतो म्हणे! काही बी उगवतच नाही. जे उगवतं त्याच्या सोटमुळाचं कोवळं टोक खताच्या दाण्याला लागून करपतं आणि गाजराला दोन-तीन फाटे फुटतात. मग लोक बियाण्याला शिव्या देतात. खत आधी मातीत मिसळा, नाहीतर बियाण्याच्या बाजूला आणि दोन इंच खाली पडू द्या. ताजं, न कुजलेलं शेणखत आणि ढेकळं यांनीही फाटे फुटतात, म्हणून फाटे दिसले की आधी जमीन उकरून बघा.

पानांवर दव असताना युरिया फोकू नका, पानं करपतात.

बीट कापल्यावर आत काळे, बुचासारखे डाग दिसले तर बहुधा बोरॉन (पिकाला अगदी थोडं लागणारं अन्नद्रव्य) कमी पडलंय. चुनखडीच्या जमिनीत हे जास्त दिसतं, आणि तिथे एनपीके (नत्र-स्फुरद-पालाश) वाढवून काही होत नाही. पुढच्या पेरणीआधी माती तपासा आणि अहवालात कमतरता दिसली तरच बोरॅक्स (बोरॉनचं खत) द्या, तेही मोजून. बोरॉन जरा जास्त झालं तरी पानांच्या कडा जळतात.