बारावी झाली, आता जळगाव-धुळ्याला कॉलेजात येताय ना, मग एवढं करून ठेवा

मी पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यातून जळगावला शिकायला आले तेव्हा आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडलेलं कोणीच नव्हतं. आप्पांची कोरडवाहू शेती, कपाशी आणि दादर ज्वारी, त्यांना बाजार समितीचा सगळा कारभार तोंडपाठ पण ॲडमिशन, शिष्यवृत्ती, इंटर्नल म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षा, यातलं काही विचारायचं तर विचारणार कोणाला. अभ्यास मला कधी जड गेला नाही, जड गेले ते कागद आणि तारखा, आणि सगळ्यात जड गेलं ते ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून "सर, हे कसं करायचं" एवढं तोंडातून काढणं. आता एमएस्सीला आहे आणि दरवर्षी जुलै लागला की गावाकडच्या पोरापोरींचे तेच तेच फोन येतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

पहिलं काम कागदांचं, आणि ते निकालाची वाट न बघता मे महिन्यातच सुरू करा कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर पण तेव्हाच बसतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेयर लागत असेल तर ते, डोमिसाईल, रेशन कार्ड, दहावी-बारावीची मार्कशीट, लिव्हिंग म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा घरात आहे म्हणून निवांत बसू नका, त्यावर तारीख बघा. इंजिनिअरिंग, फार्मसी असल्या कोर्सला राखीव जागेतून जायचं असेल तर जात पडताळणी लागते आणि तिला महिने लागतात, म्हणून ती अकरावीतच टाकायला हवी होती, नसेल टाकली तर आज टाका आणि पावती जपून ठेवा. अजून एक, दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय का ते बघा. आईचं नाव एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरं, आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, जन्मतारीख एक जानेवारी, आपल्याकडे हे घरोघरी आहे आणि तीन वर्षं दर फॉर्मला ते आडवं येतं, त्यापेक्षा आधार केंद्रावर एकदा रांग लावलेली परवडली.

सगळ्याचे पाच-पाच झेरॉक्स सेट, मोबाईलमध्ये नीट उजेडात काढलेले स्कॅन, आणि डिजीलॉकर उघडून त्यात जेवढं येतं तेवढं. ओरिजिनल मार्कशीट कॉलेजने तपासून परत द्यायची असते, ठेवून घ्यायची नसते, हा यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) नियम आहे. लिव्हिंग मात्र जमा होतं, म्हणून देण्याआधी त्याच्या दोन-चार झेरॉक्स काढाच.

आता शिष्यवृत्ती. इथं जरा सावकाश वाचा कारण माझं पहिलं वर्ष यातच गेलं. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या वेबसाईटवर, अर्ज भरला म्हणजे झालं असं नसतं, तो आधी कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला जातो, मग जिल्ह्याच्या ऑफिसला, आणि एखादा कागद पुसट दिसला की परत पाठवला म्हणून तुमच्याच लॉगिनला येऊन बसतो, फोनवर मेसेज येईलच याचा भरवसा नाही. म्हणून दर आठ दिवसांनी स्वतः लॉगिन करून बघायचं, आणि नंबर द्यायचा तो स्वतःचा, कॅफेवाल्याचा किंवा मामाचा नाही, पासवर्ड पण वहीत लिहून ठेवायचा. माझा अर्ज मंजूर दाखवत होता, पैसे खात्यात नाहीत. कॉलेजात चकरा मारल्या, तिथं म्हणे बँकेत जा, बँकेत म्हणे आधार लिंक आहे, आमच्याकडून काही नाही, कॉलेजात जा. मार्च उलटल्यावर कळलं की पैसे केव्हाच आले होते पण आठवीत असताना गावाकडे काढलेल्या खात्यात पडले होते, ते खातं वापर नाही म्हणून बंद पडलेलं आणि पासबुक कुठल्या कोठीत आहे ते मायलाही आठवेना. ते खातं परत चालू करेपर्यंत दुसऱ्या वर्षाची फी आली आणि आप्पांनी ती उसनवारीवर भरली, ते माझ्या अजून मनातून जात नाही.

कारण असं आहे की बँकेत "आधार लिंक आहे" म्हणतात ते बहुतेक वेळा नुसतं केवायसी, म्हणजे ओळखीपुरतं जोडलेलं आधार असतं. सरकारी पैसे थेट खात्यात येतात (यालाच डीबीटी म्हणतात) ते ज्या एका खात्याला आधारचं मॅपिंग, म्हणजे सीडिंग, एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे झालेलं आहे त्यात, आणि असं खातं एका वेळी एकच असतं, तुम्ही अर्जात कुठलाही खाते नंबर लिहा. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघायची सोय आहे, मोबाईलला ओटीपी येतो, दोन मिनिटात बँकेचं नाव दिसतं. जुनी बँक दिसली तर चालू खात्याच्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे" असं याच शब्दात सांगा, फॉर्म भरून द्या आणि आठवड्याभराने परत स्टेटस बघा. हे अर्ज भरायच्या आधी करायचं, नंतर नाही.

कोणती योजना आपली हे पण नीट विचारून घ्या. एससी, एसटी, ओबीसी, व्हीजेएनटीला वेगवेगळ्या आहेत, ओपनमधल्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे जिची उत्पन्नाची मर्यादा ८ लाख, आणि २०२४-२५ पासून व्यावसायिक कोर्सला कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) जाणाऱ्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षण), ओबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर. हे माहीत नसल्यामुळे आमच्या शेजारच्या गावच्या एका पोरीला घरच्यांनी इंजिनिअरिंगला पाठवलंच नाही, म्हणून पोरींनो घरात हे मोठ्याने वाचून दाखवा. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही तरी राहण्या-जेवणाच्या पैशासाठी योजना आहेत, एससीला स्वाधार, एसटीला स्वयम, ओबीसी-व्हीजेएनटीला सावित्रीबाई फुले आधार योजना. त्यासाठी समाजकल्याण किंवा इतर मागास बहुजन कल्याणच्या ऑफिसला आणि एसटीवाल्यांनी आपल्या प्रकल्प कार्यालयात, म्हणजे यावल, धुळे, नंदुरबार, तळोदा यातलं जे आपलं पडतं तिथं विचारायचं. आणि दर वर्षी रिन्यू करायचं असतं, आपोआप काही होत नाही.

राहायचं म्हणाल तर कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं होस्टेल मिळालं तर तेच घ्या. रूम बघायला जात असाल तर तिथं आधी राहिलेल्या पोरांना दोन प्रश्न विचारा, नळ किती दिवसाआड येतो आणि लाईटबिल कसं धरतात. पाणी साठवायला टाकी किती मोठी ते स्वतः जिन्यावर चढून बघा. वरच्या मजल्याची रूम दोनशे-तीनशे रुपयांनी स्वस्त सांगतात, घेऊ नका, मार्चपासून स्लॅब जो तापतो तो रात्री बारा वाजेपर्यंत भट्टीसारखा, आणि परीक्षा नेमकी त्याच दिवसांत. डिपॉझिट दिलं तर कागदावर लिहून घ्या, साध्या वहीच्या पानावर सही असली तरी चालेल पण लिहून घ्या.

मेस लावताना महिन्याचे पैसे आधी देऊ नका, दोन-तीन दिवस रोजाने जेवून बघा, रविवारच्या शेवभाजीवर जाऊ नका, मंगळवारची साधी भाजी-पोळी कशी आहे ते बघा. आणि खाडे किती धरतात ते पहिल्या दिवशीच ठरवून घ्या कारण आपण सगळे शनिवार-रविवार घरी पळतो, काही मेसवाले सलग तीन दिवसांशिवाय खाडा धरतच नाहीत. घरून येताना कळण्याच्या भाकरी दोन दिवस टिकतात, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी आठवडाभर. भूक लागली की वडापावपेक्षा केळी खा, रावेर-यावलची केळी दारात असताना उपाशी पोटी लेक्चरला बसायचं काही कारण नाही.

रोज अपडाऊन करणारे असाल तर एसटीचा विद्यार्थी पास, त्यात महिन्याच्या भाड्याचा साधारण एक तृतीयांशच भरावा लागतो, कॉलेजचं बोनाफाईड आणि आधार लागतं. पोरींसाठी इथं एक हिशोब आहे. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध तिकीट आहे, म्हणजे जाऊन-येऊन एक पूर्ण तिकीट पडतं, आणि पास पडतो साधारण एका बाजूच्या वीस पूर्ण तिकिटांएवढा. महिन्यात वीस दिवसांपेक्षा जास्त जाणार असाल तर पास काढा, दिवाळीच्या नाहीतर परीक्षेच्या महिन्यात कमी दिवस जायचं असेल तर अर्ध तिकीटच बरं. अमळनेर, धरणगाव, दोंडाईचा, नंदुरबार या लाईनीवरच्यांनी रेल्वेचा विद्यार्थी सिझन पास पण विचारावा, स्वस्त पडतो, फक्त गाडीची वेळ आणि प्रॅक्टिकलची वेळ जुळते का ते आधी बघा. प्रॅक्टिकलची बॅच ठरायच्या आधीच सरांना सांगायचं की माझी शेवटची बस अमुक वाजता आहे, मला सकाळची बॅच द्या. मी हे सांगितलंच नाही आणि अख्खं सेमिस्टर प्रॅक्टिकल अर्धं टाकून स्टँडकडे धावत होते, सर नंतर म्हणाले अगं सांगायचं ना.

उन्हाचं तर आपल्याला कोणी सांगायला नको, मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो हे लहानपणापासून बघतोय, पण घरी आपण दुपारी निंबाखाली पडलेले असतो आणि कॉलेजात दुपारी दोनचा पेपर असतो. डोक्याला रुमाल, दोन लिटरची बाटली, बॅगेत ओआरएसची पुडी, पेपरच्या आधी ताक. पोरींसाठी वेगळं लिहिते कारण हे कोणी बोलत नाही. बाथरूम घाण असतं म्हणून आपण दिवसभर पाणीच पीत नाही, मी पण हेच केलं आणि दुसऱ्या सेमिस्टरला लघवीच्या इन्फेक्शनने ताप भरून पडले, दोन पेपर तापातच दिले. पहिल्या आठवड्यात कॉलेज फिरून बरं बाथरूम कुठलं आहे ते शोधून ठेवा, बहुतेक लायब्ररीचं किंवा मुलींच्या कॉमन रूमचं बरं असतं, आणि एकही बरं नसेल तर चार जणींनी मिळून प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. आम्ही दिला होता, पंधरा दिवसांत नळ आणि कड्या बसल्या.

वर्गात बोलायची लाज हा पुढचा विषय. पहिल्याच महिन्यात मॅडमनी फळ्यावर बोलावलं आणि मी पटकन घरच्या अहिराणीत "माले येत नही" बोलून गेले, अख्खा वर्ग हसला, त्यानंतर दिवाळीपर्यंत मी तोंड उघडलं नाही. किती नुकसान झालं त्यात! आपण ज्या विद्यापीठात शिकतो ते १९९० साली जळगावला झालं आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. आसोद्याची ही बाई शाळेत गेलेली नव्हती, शेतात काम करता करता घरच्याच बोलीत ओव्या बोलायची आणि त्या तिच्या मुलाने लिहून घेतल्या म्हणून राहिल्या. तिचं नाव आपल्या मार्कशीटवर छापून येतं, मग अहिराणीची किंवा लेवा बोलीची लाज कशाला. इंग्रजी शब्द अडतात ते खरं आहे, त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानावर रोजचे नवे शब्द मराठी अर्थासह लिहायचे आणि शंका मराठीतच विचारायची, बहुतेक सर-मॅडम आपल्याच भागातले असतात.

परीक्षेचं थोडक्यात सांगते. ७५ टक्के हजेरी सांभाळा, आजारी पडलात तर डॉक्टरचं सर्टिफिकेट बरे झाल्यावर नाही तर लगेच आणा. इंटर्नलला गैरहजर राहू नका, ते मार्क नंतर कुठून भरून निघत नाहीत. एबीसी आयडी (ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिटचा नंबर) काढून ठेवा, क्रेडिट त्यावरच जमा होतात. परीक्षा फॉर्मची तारीख नोटीस बोर्डवर स्वतः बघा, ग्रुपवरचा फॉरवर्ड मेसेज मागच्या वर्षीचा पण असू शकतो. लायब्ररीत पहिल्याच महिन्यात बीटी कार्ड (पुस्तकं घरी न्यायचं कार्ड) करा आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका मागा, त्या असतात, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

एनएसएसला नाव द्या, वर्षाला १२० तास आणि सात दिवसांचं शिबिर, पण त्यात दुसऱ्या वर्गातले सिनियर ओळखीचे होतात आणि जुनी पुस्तकं त्यांच्याकडूनच मिळतात. पैशाची ओढाताण असेल तर कमवा आणि शिका योजनेत काम मिळतं, लायब्ररी, ऑफिस, बाग असं, जागा थोड्या असतात म्हणून ॲडमिशन झाल्या झाल्या विद्यार्थी विकासचे सर कोण ते विचारून अर्ज द्या. स्टेजची आवड असेल तर युवारंगसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या युवक महोत्सवासाठी, कॉलेजात निवड कधी होते त्यावर लक्ष ठेवा.

कोणी सिनियर रॅगिंग करत असेल तर सहन करत बसू नका, महाराष्ट्रात त्याविरुद्ध १९९९ पासून कायदा आहे, १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा फुकट नंबर चोवीस तास चालतो, नाव न सांगता पण तक्रार घेतात.

आणि निकाल लागल्यावर एखाद्या विषयात मार्क फारच कमी वाटले तर घरी रडत बसण्यात दिवस घालवू नका. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स आणि रिव्हॅल्युएशनची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती थोडीच असते. त्याच दिवशी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा, शेवटची तारीख विचारा, झेरॉक्स मागवा, ती आपल्या विषयाच्या सरांना दाखवा, आणि ते हो म्हणाले तरच पुढचे पैसे भरा.