कंपनी विकायला निघाली की युनियननं काय करायचं

एका सोमवारी सकाळच्या पाळीला नाशिकच्या अंबडमधल्या आमच्या प्रेस शॉपमध्ये चार पाहुणे आले. बूट कोरे, हेल्मेट कोरी. ते डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, मोजत होते आणि एकेका मशीनवर बारकोडचं स्टिकर चिकटवत होते. सुपरवायझर म्हणाला, "इन्शुरन्सवाले आहेत." आता इन्शुरन्सवाला भंगाराच्या कोपऱ्यात पडलेले डाय कशाला मोजेल? मी तेव्हा युनियनचा सरचिटणीस होतो. दुपारच्या चहाला कमिटी बसवली. तीन महिन्यांनी गेटवरचा बोर्ड बदलला तेव्हा आमचे कागद तयार होते. सातपूर-सिन्नरकडून अजून फोन येतात, तेच तेच सांगावं लागतं, म्हणून एकदाचं लिहून काढतो.

सगळ्यात आधी विकलं काय जातंय ते शोधा. नुसते शेअर्स विकले असतील तर मालक बदलला तरी कंपनी तीच राहते. पगारपत्रकावरचं नाव तेच, पीएफ कोड तोच, करारही तोच. अशा वेळी नवा साहेब "आता सगळं नव्यानं" म्हणाला तर त्याला कायद्यात काही आधार नाही. पण मशीन, प्लॉट आणि माणसं मिळून अख्खा कारखाना दुसऱ्या कंपनीच्या नावावर जात असेल, तर तुमचा मालकच बदलतो आणि खरा खेळ तिथं सुरू होतो. एमआयडीसीचा प्लॉट 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं असतो आणि महामंडळाच्या परवानगीशिवाय तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही. म्हणजे कुठंतरी कागद हलतोच. मॅनेजमेंटला लेखी विचारा: अमुक तारखेनंतर आमचा पगार कोण देणार? तोंडी उत्तर घेऊ नका. आम्हाला पहिले दोन आठवडे "काही नाही हो, अफवा आहेत" एवढंच मिळालं.

मग कपाटातून युनियन-मॅनेजमेंटचा करार काढा आणि शेवटचं पान उघडा. तिथं समेट अधिकाऱ्याचा, म्हणजे मालक-कामगारांचा वाद मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचा, सही-शिक्का आहे का? ही एक सही फार महाग आहे. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 18 प्रमाणे समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार मालकाच्या वारसावर आणि कारखाना घेणाऱ्यावरही बंधनकारक. टेबलावर आपापसात झालेला करार मात्र मुळात सही करणाऱ्यांपुरता. मान्यताप्राप्त युनियनसाठी महाराष्ट्राची वेगळी दुरुस्ती होती, पण नवा मालक तिच्यावरही वाद घालणारच. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, त्यातही हा फरक कायम आहे. आमचा करार टेबलावरचाच होता. आम्ही घाईघाईनं मागणीपत्र देऊन विवाद समेटात नेला आणि त्याच अटींवर कामगार कार्यालयात पुन्हा सह्या करून घेतल्या.

मॅनेजमेंटनं सही का केली? कारण घेणाऱ्याला सौदा होण्याआधी "कामगारांचा कुठलाही वाद शिल्लक नाही" असं विकणाऱ्याकडून हवं असतं. म्हणून तुमची ताकद सौद्याच्या तारखेपर्यंतच. नंतर जुना साहेब फोन उचलत नाही आणि नवा म्हणतो, मी तर कालच आलो.

कराराची मुदत संपलीय म्हणून घाबरू नका. मुदत संपली तरी रद्द करण्याची रीतसर नोटीस देऊन तिचा कालावधी उलटेपर्यंत तो चालू राहतो. जुन्या कायद्यात दोन महिने, संहितेत साठ दिवस. आपल्याकडं मुदत संपली की युनियनच सवयीनं ती नोटीस देते. विक्रीची कुणकुण असेल तर देऊ नका. नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालतात, असा सुप्रीम कोर्टाचा एलआयसीच्या खटल्यातला 1980 चा निकाल आहे. तरी नव्या मालकाला आयता मुद्दा का द्या?

यानंतर विकणारा आणि घेणारा दोघांनाही पत्र द्या आणि पोच घ्या. आमच्या पत्रातलं मुख्य वाक्य असं होतं: "सर्व कायम कामगारांची सेवा मूळ रुजू तारखेपासून अखंड धरली जाईल, सेवाशर्ती सध्यापेक्षा कमी असणार नाहीत, आणि पुढं कामगार कपात झाल्यास भरपाई संपूर्ण सेवेवर देण्याची जबाबदारी नव्या मालकाची राहील." हे मी मनानं रचलं नव्हतं. जुन्या कायद्यातल्या कलम 25 एफएफच्या तीन अटी आहेत या, आणि त्या संहितेतही आल्या आहेत. यातली एक जरी तुटली तरी वर्षभर सलग सेवा झालेल्या कामगाराला कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मिळते, दर वर्षाला 15 दिवसांचा सरासरी पगार. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. 14 वर्षं 8 महिने म्हणजे 15 वर्षं, 225 दिवसांचा पगार. भरपाई घेतली की नव्या कंपनीत नोकरीचा हक्क मात्र त्यातून मिळत नाही, हे पोरांना आधीच सांगा. नव्या मालकाकडं जायचंच नसेल तर जबरदस्ती करता येत नाही, हेही सुप्रीम कोर्टानं 2011 मध्ये सांगितलंय.

थकलेल्या पीएफला जुना-नवा दोघेही जबाबदार. खात्यातल्या नोंदी बोर्ड बदलण्याआधी उतरवून घ्या.

आता कँटीनची गोष्ट. पेढ्यांचा बॉक्स आणि त्याच्या शेजारी दोन कागदांचा गठ्ठा. "फॉरमॅलिटी आहे, सही करा." वरचा कागद राजीनाम्याचा, खालचा नव्या नेमणुकीचा. आमच्या मेंटेनन्सच्या 19 वर्षं झालेल्या गड्यानं चष्मा लावून खालचा वाचला आणि ओरडला, "अरे, मला सहा महिने प्रोबेशन लावलंय!" राजीनामा दिला की अखंड सेवा आपल्याच हातानं तुटते. गेट मीटिंगमध्ये आधीच बजावा: युनियननं पाहिल्याशिवाय एकही सही नाही. पेढे खा खुशाल.

नवा मालक पहिल्या बैठकीत म्हणेल, "मी कुठं तुमच्याशी करार केलाय?" मान्यता त्या कारखान्यासाठी असते, मालकाच्या नावानं नसते, हे शांतपणे सांगा. मान्यताप्राप्त युनियनशी प्रामाणिकपणे वाटाघाटी न करणं ही 1971 च्या महाराष्ट्र कायद्यात अनुचित प्रथा आहे. पगार, पाळ्या, रजा यांत बदल करायचा तर आधी 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. आमच्याकडं पहिल्याच आठवड्यात पाळीची वेळ बदलल्याचा कागद नोटीस बोर्डावर लागला. दुसऱ्या दिवशी लेखी हरकत दिली, चौथ्या दिवशी कागद निघाला. पण हे सगळं सभासदांच्या जोरावर. आम्हाला मान्यतेला 30 टक्के पुरले होते. संहितेत कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील तर एकीनंच बोलणी करायला 51 टक्के लागतात. वर्गणीच्या पावत्या चालू ठेवा.

आणि कागदांच्या तीन प्रती करा, त्यातली एक कुणाच्या तरी घरी. युनियन ऑफिसची खोली कंपनीचीच असते. बोर्ड बदलला त्या सकाळी आमच्या दाराला नवं कुलूप होतं.