गावाचा नकाशा आणि सेवांची नोंद एकाच कागदावर कशी करावी

गावाचा नकाशा एकीकडे आणि दवाखाना, पाणी, बस यांची यादी दुसरीकडे, अशी फारकत असली की ऐन गरजेला दोन्ही कमी पडतात. दवाखाना चार किलोमीटरवर आहे एवढंच यादी सांगते. वाटेतला पूल पावसात पाण्याखाली जातो, हे नकाशावरच दिसतं.

ए-३ आकाराचा कागद आणि १:५००० हे प्रमाण घ्या. १ सेंटिमीटर म्हणजे ५० मीटर, म्हणजे साधारण २.१ बाय १.५ किलोमीटरचा भाग बसतो. दूरच्या वस्त्यांसाठी १:१०,००० चा वेगळा कागद करा. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला की प्रमाण गुपचूप बदलतं, त्यामुळे नकाशावरच मोजपट्टी काढा. कागद लहानमोठा झाला तरी पट्टीही त्याच्यासोबत बदलते.

रस्त्यांपासून सुरुवात करू नका. आधी ओढे-नाले, मग उंचवटे, मग रस्ते. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, वाचताना हमखास गफलत होते ती इथे: रेषेचं टोक चढाकडे वळलं असेल तर तिथे ओढा किंवा घळ असते, उताराकडे वळलं असेल तर डोंगराची सोंड. रस्ता ओढा ओलांडतो ती प्रत्येक जागा खुणेने दाखवा आणि पाणी चढल्यावर कोणता वळसा घ्यावा लागतो तेही लिहा.

पाणीपुरवठ्याला थोडा जास्त वेळ द्या. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि नळ यांच्या उंचीत १० मीटरचा फरक असेल तर साधारण १ बार दाब मिळतो. पाणी वाहू लागलं की पाइपातल्या घर्षणाने तो आणखी घटतो. उंचावरच्या गल्लीत पाणी का चढत नाही, याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. ही उंची फोनवरून घेऊ नका, तिच्यातली चूक मोठी असते. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप घेऊन टप्प्याटप्प्याने मोजा.

मोकळ्या आकाशाखालीसुद्धा फोनच्या जीपीएसमध्ये ५ मीटरच्या आसपास फरक पडतो. दवाखान्यासाठी तो चालतो, मातीखाली गेलेल्या व्हॉल्व्हच्या झाकणासाठी नाही. व्हॉल्व्हचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून टेपने मोजून लिहा: शाळेच्या कोपऱ्यापासून इतकं, विजेच्या खांबापासून इतकं. टेपची दोन अंतरं जिथे जुळतात तिथे खणायचं; अशा जागा दोन निघतात, म्हणून रस्त्याची कोणती बाजू तेही लिहा. अक्षांश-रेखांश दशांशात, पाच स्थळांपर्यंत पुरे. १८°३०′ म्हणजे १८.५, ते १८.३० लिहिलं तर जागा सुमारे २२ किलोमीटर सरकते.

सेवांच्या तक्त्यात जागा, वार-वेळ, फोन, बंद असेल तर पर्याय आणि पडताळल्याची तारीख हे रकाने हवेत. आठवड्यातून एकदाच येणारा डॉक्टर किंवा फिरतं वाचनालय यांना इमारत नसते, म्हणून ते यादीतून हमखास सुटतात. अंतराऐवजी वाहनाने लागणारी मिनिटं लिहा, दिवसा आणि रात्री वेगळी. फोनला रेंज नसलेले पट्टेही रंगवा, कारण अपघात झाल्यावर मदत मागायला कुठपर्यंत जावं लागेल ते त्यावरून कळतं. प्रत्येक क्रमांक स्वतः लावून पाहा. आपत्कालीन क्रमांक मात्र उगाच लावू नका, ते कार्यालयातून पक्के करून घ्या. ज्याची खातरजमा झाली नाही ते छापू नका.